गेटपासून अंगणापर्यंत खडी: १२ ब्रास की २०?

शास्त्रीकाठ
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर रस्त्यापासून जरा आत आहे. पावसाळ्यात गाडी रस्त्यालाच ठेवून सामान उचलून न्यावं लागतं. आई-बाबा आता कायमचे तिथेच राहणार आहेत आणि बाबांच्या गुडघ्यांना तो चिखल झेपत नाही. म्हणून आगोटीच्या आधी गाडी थेट अंगणापर्यंत जाईल अशी वाट करून घ्यायची आहे. डांबर नको, सगळं काँक्रीटही नको. खडीच हवी.

मापं अशी: लांबी १४० फूट, रुंदी १० फूट. शिवाय अंगणासमोर गाडी वळवायला २० बाय २०. एकूण १८०० चौरस फूट. दोन कंत्राटदार जागा पाहून गेले. एक म्हणतो २० ब्रास लागेल, दुसरा म्हणतो १२. ब्रासचा दर दोघांचा जवळपास सारखाच. मग आठ ब्रासचा फरक कुठून आला? हा हिशोब आपल्याला घरी बसून करता येतो का?

मृद्गंध
येतो की. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १२०० ने भागा. ब्रास आले.

उलट बाजूने लक्षात ठेवायचं तर एक ब्रास एक इंच जाडीने पसरला की १२०० चौरस फूट जागा झाकतो. चार इंचाला ३००, सहा इंचाला २००. तुमच्या १८०० चौरस फुटांना सहा इंच जाडी धरली तर ९ ब्रास होतात, म्हणजे १२ सुद्धा जास्तच झाले. जाडी किती ठरली होती?

शास्त्रीकाठ
जाडीचा विषय दोघांनीही काढला नाही आणि मलाही सुचलं नाही. नुसते ब्रासचे आकडे मिळाले.

टिंब
मग दोघांनाही आधी तेवढंच विचारा. जाडी ठरल्याशिवाय ब्रासच्या आकड्याला काही अर्थ नाही.

निवृत्त_अभियंता
मृद्गंध यांचं सूत्र बरोबर आहे, पण त्यातून निघणारे ९ ब्रास हे दाबून बसलेल्या खडीचे आहेत. डंपरमधून येते ती सुटी खडी. या दोन मापांत बराच फरक असतो आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट सांगतो. २० लिटरची बादली घ्या, ४० मिमीच्या खडीने काठोकाठ भरा. मग लिटरच्या मापाने त्यात पाणी ओतत जा. आठ-नऊ लिटर पाणी सहज जिरतं. म्हणजे बादलीभर खडीत जवळजवळ निम्मी हवाच असते. रोलर फिरला की दगड एकमेकांत घुसतात, ही हवा कमी होते आणि थर खाली बसतो.

रस्त्याच्या कामात डब्ल्यूबीएमचा, म्हणजे पाणी मारून दाबलेल्या खडीचा, ७५ मिमीचा पक्का थर हवा असेल तर दर १० चौरस मीटरला ०.९१ ते १.०७ घनमीटर सुटी खडी धरतात. नुसत्या गुणाकाराने ०.७५ येते. याचा अर्थ सुमारे सव्वापट ते १.४ पट. घरच्या कामाला मी १.३ धरतो.

आता तुमच्या दोन आकड्यांकडे बघा. सहा इंच पक्की जाडी म्हणजे ९ ब्रास, त्याला १.३३ ने गुणलं की १२. दहा इंच पक्की जाडी म्हणजे १५ ब्रास, त्याला १.३३ ने गुणलं की २०. माझा अंदाज आहे की दोघांपैकी कोणीही फसवत नाही. एकाच्या डोक्यात सहा इंच आहेत, दुसऱ्याच्या डोक्यात दहा. दुसऱ्याने बहुधा खाली डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा पायाचा थर, धरलं असावं. कोण बरोबर हे तुमची जमीन ठरवणार. त्या वाटेखाली काय आहे? कातळ, जांभ्याचा मुरूम, की भातखाचराची माती?

शास्त्रीकाठ
काका, आकडे इतके चपखल बसले की आश्चर्य वाटलं. लगेच दोघांना फोन केला. १२ वाल्याने सहा इंच सांगितले. २० वाला म्हणाला, "खाली पाऊण फूट सोलिंग, वर खडी." दाबून ते दहाच्या आसपास येत असणार. आभार.

जमीन एकसारखी नाही. रस्त्याकडचा भाग पऱ्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, काठाने जातो, तिथे ओल असते. वर अंगणाजवळ खरवडलं की कातळच लागतो.

खाणवाला
आमचा क्रशर आहे, त्यामुळे पुरवठ्याच्या बाजूने लिहितो.

खडी कधीही "एक गाडी" म्हणून घेऊ नका. गाडीचा हौदा आतून मोजा. समजा हौदा आतून १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे, तर ४२० घनफूट, म्हणजे ४.२ ब्रास. पण माल काठापर्यंत आहे की चार बोटं खाली आहे हे टेप लावून बघायचं, आणि तेही गाडी उलटी करण्याआधी. एकदा माल जमिनीवर पडला की वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. आपल्याकडच्या काळ्या दगडाची सुटी खडी ब्रासला साधारण चार ते साडेचार टन भरते. २०१८ पासून दहा चाकी गाडीला एकूण २८ टनांची मर्यादा आहे. त्यातलं गाडीचं स्वतःचं वजन दहा टनांच्या आसपास. उरले १८ टन, म्हणजे चार ब्रास. कोणी दहा चाकीत सहा ब्रास आणून देतो म्हणाला तर एक तर माप खोटं आहे किंवा गाडी ओव्हरलोड आहे. ओव्हरलोड गाडीने तुमच्या गावातली मोरी फुटली तर ती दुरुस्त करायला कोण येणार आहे?

आणि वाहतूक पास मागा. गौण खनिजाच्या पासवर किती ब्रास माल आहे ते लिहिलेलं असतं. तो कागद तुमच्याच फायद्याचा आहे.

कोयनाकाठ
खाणवाला, मग सरळ काट्यावर वजन करून टनावरच का घेऊ नये? काट्यात खोट कमी असते. भरल्या गाडीची पावती, रिकाम्या गाडीची पावती, विषय संपला.

खाणवाला
खडीला चालेल. कच (बारीक खडी) आणि डस्ट (दगडाची भुकटी) यांना नाही. धुतलेली किंवा पावसात भिजलेली डस्ट असेल तर त्यात आठ टक्के पाणी सहज असतं. १६ टनांच्या गाडीत सव्वा टन पाणी तुम्ही डस्टच्या दराने विकत घेता.

निवृत्त_अभियंता
आणि ब्रासवर घेतलं तरी ओल्या बारीक मालात गडबड होतेच. ओलसर कण एकमेकांपासून दूर राहतात, माल फुगतो. त्यामुळे तोच माल सुका असताना कमी भरतो आणि ओलसर असताना जास्त. बारीक माल कोरडा असतानाच घ्या, मग टनावर घ्या किंवा ब्रासवर. आगोटीच्या आधी काम करण्याचा हाही एक फायदा.

कोयनाकाठ
माल आधीच पडलेला असेल आणि गाडी निघून गेली असेल तर?

निवृत्त_अभियंता
शंकूसारखा ढीग असेल तर मोजता येतो. ढिगाच्या बुडाभोवती दोरी फिरवून घेर मोजा. घेराचा वर्ग करा, उंचीने गुणा, ३८ ने भागा, घनफूट मिळतील. ३८ फूट घेर आणि साडेचार फूट उंची असेल तर १७१ घनफूट, म्हणजे १.७ ब्रास. उंचीसाठी एक काठी ढिगाच्या टोकावर आडवी धरा आणि तिच्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. ढीग लांबट पडला असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. मग फावड्याने चौकोनी करून घ्यायचा.

वैनगंगा
कोकणवाल्यांनो, तुम्हाला खाली कातळ मिळतो हे नशीब आहे. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती लोण्यासारखी होते. शेतातल्या घरापर्यंत शेजाऱ्यांनी सहा इंच खडी टाकली होती. पावसाळा संपला तेव्हा खडी मातीच्या पोटात आणि माती वर. मग पुन्हा खडी, पुन्हा तेच. काळ्या मातीवर ब्रासचं कुठलंच सूत्र चालत नाही, कारण खालून जमीन खडी गिळत राहते.

आम्ही आधी फूट-दीड फूट काळी माती काढली, ती बांधावर टाकली. खड्ड्यात मुरूम दोन थरांत भरला, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर दिला आणि मग वर फक्त चार इंच खडी घेतली. मुरमाचे ब्रास खडीच्या तिप्पट लागले, पण मुरूम खडीपेक्षा बराच स्वस्त पडला. तेव्हापासून वाट जागची हललेली नाही. पाणंद रस्त्यांनाही हाच नियम लावायला हवा. नुसती वरवर खडी टाकून सोडलेल्या पाणंदी बघितल्या की जीव तुटतो. ऊस असो की कापूस, माल बाहेर काढायच्या वेळीच ट्रॅक्टर रुततो.

रालीकर
वैनगंगाताई, इकडे नॉर्थ कॅरोलायनात लाल चिकणमाती आहे, तीही अशीच खडी गिळते. इथे माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं विणलेलं कापड अंथरतात. पाणी खाली जातं, पण माती वर येत नाही आणि खडी खाली जात नाही. घराच्या ड्राइव्हवेला आम्ही ते घातलं आहे आणि मी मनापासून सुचवीन. भारतातही रस्त्यांच्या कामात ते वापरतात.

इकडचा हिशोब घनयार्डात. एक यार्ड म्हणजे २७ घनफूट, त्यामुळे तुमचा एक ब्रास म्हणजे आमचे ३.७ यार्ड. एक यार्ड एक इंच जाडीने ३२४ चौरस फूट झाकतो. पण खाणीत विक्री टनावर होते आणि हा टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. अमेरिकेतल्या वाचकांनी या चर्चेतले टन बघून इकडे ऑर्डर देऊ नये, जवळजवळ दहा टक्के कमी माल येईल.

वैनगंगा
कापडाचं माहीत नव्हतं. रुंदी किती मिळते आणि जोडाला किती चढवायचं?

रालीकर
आमचा रोल साडेबारा फुटी होता, त्यामुळे दहा फुटांच्या वाटेला आडवा जोड लागलाच नाही. लांबीच्या जोडाला दीड-दोन फूट एकावर एक घ्या. मऊ माती असेल तर त्याहून जास्त.

गवतफुला
जरा विषयांतर, माफ करा. तुळशीवृंदावनाभोवती आणि पायवाटेच्या कडेने पांढरे गोटे टाकायचे आहेत. १०० चौरस फूट जागा आहे. नर्सरीवाला म्हणतो, "पाच-सहा गोण्या पुरतील." खरं आहे का?

मृद्गंध
गोणी ५० किलोची असेल तर नाही पुरणार. खालची माती दिसू नये म्हणून दोन इंच थर लागतो. दोन इंचाला दर चौरस फुटाला सात किलो धरा. १०० चौरस फुटांना ७०० किलो, म्हणजे १४ गोण्या. एक इंचात भागवलं तर सात गोण्या होतील, पण पहिल्या पावसात मातीचे शिंतोडे उडून पांढरे गोटे तांबडे होतात आणि मधून गवत येतं.

गोटे अंगठ्याएवढे असतील तर दोन इंच ठीक. लिंबाएवढे घेतलेत तर तीन इंच लागतील.

गवतफुला
१४! बरं झालं विचारलं. मग वृंदावनाभोवतीच गोटे टाकते, पायवाटेच्या कडेला नेचे लावते.

टिंब
गाडीच्या वाटेवर मात्र गोल गोटे किंवा नदीतली गोल खडी नको. चाकाखाली ती सरकते. कोनदार, फोडलेली खडीच एकमेकांत अडकून बसते.

निवृत्त_अभियंता
टिंब, अगदी बरोबर. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमने (१७५६–१८३६) हीच गोष्ट धरून रस्ते बांधले. फोडलेला, कोनदार, लहान आकाराचा दगड वापरा, तो वाहनांच्याच वजनाने एकमेकांत गुंततो. आणि खालची जमीन कोरडी ठेवा, म्हणजे तीच भार पेलते. डब्ल्यूबीएम मधला एम त्याच्याच नावाचा. जमीन कोरडी ठेवण्याच्या या दुसऱ्या भागाकडे लोक लक्ष देत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो. वाटेच्या मधोमध उंची आणि दोन्ही बाजूंना उतार हवाच. दहा फूट रुंदीला मध्य कडेपेक्षा किमान दीड-दोन इंच उंच ठेवा. डोंगराकडच्या बाजूने गटार आणि पाणी ओलांडतं तिथे पाइप. हे नसेल तर २० काय, ४० ब्रास टाकलेत तरी भाद्रपदापर्यंत त्यात नाले पडतील.

अबोली_
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक का नाही लावत? आमच्या सोसायटीत लावले आहेत, छान दिसतं, झाडता येतं.

वैनगंगा
पेव्हरच्या खालीही हाच मुरूम आणि हीच खडी लागते, अबोली. खालचं काम नीट नसेल तर ब्लॉक खचून दातासारखे वर-खाली होतात. शिवाय गावाकडे एखादा ब्लॉक फुटला की तसाच ब्लॉक मिळवायला पुन्हा शहर गाठा. खडी दबली तर दोन घमेली टाकून फावड्याने ओढली की झालं.

कोयनाकाठ
खडीचा आणखी एक फायदा. गेटमधून कोणी आत आलं की खडी वाजते. आजीला झोपेतही कळतं पाहुणे आले की दूधवाला!

शास्त्रीकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. त्यांच्यासोबत पुन्हा वाट मोजली. बाबांनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढली आणि पहारीने जागोजागी जमीन टोचून बघितली. निघालं ते असं:

रस्त्यापासून पहिले ४० फूट पऱ्याच्या काठाने, सपाट. पहार वीतभर सहज आत जाते.
पुढचे ४० फूट चढ. तेवढ्या लांबीत ७ फूट उंची वाढते.
शेवटचे ६० फूट आणि वळणाची जागा जवळजवळ सपाट. चार बोटांवर पहार कातळाला लागून वाजते.

आता काका, सांगा.

निवृत्त_अभियंता
बाबांना माझा नमस्कार सांगा. पहारीने त्यांनी जे काढलं त्यासाठीच खरं तर अंदाजपत्रक असतं.

चढापासून सुरू करतो. ४० फुटांत ७ फूट म्हणजे सहास एक. तुमच्या पावसात दहास एकच्या वर चढ गेला की सुटी खडी टिकत नाही, पाणी तिला खाली नेतं आणि चाकं जागच्या जागी फिरून उरलेली उडवतात. तेवढ्या भागात चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या टाका, प्रत्येकी अडीच फूट रुंद, पाच इंच जाड, वर झाडूने खरखरीत रेघा ओढलेल्या. मधल्या जागेत जांभ्याचे तुकडे बसवा. काँक्रीटसाठी २० मिमी खडी पाऊण ब्रास पुरेल.

पऱ्याकडचे ४०० चौरस फूट: सहा इंच डबर सोलिंग, त्यावर चार इंच ४० मिमी खडी. सुटं माप धरून डबर २.६ ब्रास आणि खडी पावणेदोन ब्रास. इथे रालीकर म्हणतात ते कापड अंथरलंत तर उत्तम.

वरचे १००० चौरस फूट: सोलिंगची गरज नाही. मऊ माती खरवडून तीन इंच ४० मिमी खडी, सुटी सव्वातीन ब्रास.

कच आणि डस्ट दोन्ही सपाट भागांवर मिळून १४०० चौरस फुटांना. वर इंचभर दिसली पाहिजे, पण त्याआधी पाऊण इंच माल खालच्या खडीच्या फटींत जिरतो, तो धरायलाच हवा. सुटं माप पावणेतीन ब्रास धरा.

एकूण: डबर २.६, चाळीस मिमी ५, कच-डस्ट पावणेतीन, काँक्रीटची खडी पाऊण. अकरा ब्रासच्या आसपास. १२ वाल्याचं एकूण माप जवळ होतं, पण सहा इंच सगळीकडे सारखे पसरले असते तर पऱ्याकडे कमी पडले असते आणि कातळावर वाया गेले असते. २० वाल्याने सोलिंगची गरज ओळखली, पण ती अख्ख्या वाटेला लावली.

कच शेवटी मागवा, खडीवर रोलर फिरल्यावर. तेव्हा फटी किती राहिल्या ते डोळ्यांना दिसतं आणि अर्धा ब्रास कमी-जास्त करता येतो.

शास्त्रीकाठ
काका, काय बोलू! दोघांनाही हा तक्ता पाठवतो आणि याच मापावर दर मागतो.

खाणवाला
दर मागताना गाडी कोणती येणार तेही विचारा. पऱ्याकाठची मऊ जमीन आणि सहास एकचा चढ बघता दहा चाकी आत घालू नका. डंपर रस्त्यालाच रिकामा करून ट्रॅक्टरने वर न्या, किंवा सरळ ट्रॉलीनेच मागवा. ट्रॉलीही आतून मोजायची, साधारण एक ब्रासची असते. चढाचं काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्यावरून भरली ट्रॉली न्यायची नाही, म्हणून वरचा माल आधी चढवा आणि पट्ट्या शेवटी ओता.

ट्रॉली कुठे रिकामी करायची ते फक्कीने आखून ठेवा. दहा फूट रुंदीला तीन इंच पक्का थर हवा असेल तर दर ३० फुटांवर एक ब्रास, चार इंचाला दर २३ फुटांवर एक. ढीग असे पडले की पसरताना घमेली वाहावी लागत नाहीत आणि माल कमी आला तर त्याच क्षणी कळतं.

निवृत्त_अभियंता
फक्की मारताय तर गटाराची रेघही त्याच वेळी मारा. गटार आधी खणा आणि त्यातून निघालेला जांभ्याचा मुरूम कडांना वापरा, तो विकत आणावा लागणार नाही.